खुणेचे प्रथिन आणि खतपाणी घालणारे प्रथिन

यकृताचा आजार असलेल्या माणसाचा रक्ताचा रिपोर्ट नीट पाहिला, तर त्यातले बरेचसे आकडे यकृतानेच रक्तात सोडलेल्या प्रथिनांचे असतात. अल्ब्युमिन हे त्यांतले सर्वांच्या ओळखीचे. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी पीटी-आयएनआर ही चाचणीसुद्धा यकृतात तयार होणाऱ्या गोठण-घटकांची आडवळणाने केलेली मोजणीच असते. यकृतात गाठ असल्याची शंका आली की या यादीत अल्फा-फीटोप्रोटीनची, म्हणजे एएफपीची, भर पडते आणि घरच्यांच्या काळजीचा सगळा भार त्या एका आकड्यावर येऊन पडतो. ठाण्यात पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करताना रिपोर्ट न्यायला आलेल्या नातेवाइकांकडून मी एक प्रश्न वारंवार ऐकते : "ताई, मागच्या वेळी दोनशे होता, आता तीनशे आलाय. म्हणजे या प्रोटीनमुळेच गाठ वाढतेय ना? मग ते कमी करायचं औषध नाही का?" प्रश्न वरवर वाटतो त्याहून पुष्कळ खोल आहे. त्याच्या पहिल्या भागाचे उत्तर बहुधा नकारार्थी आहे. दुसऱ्या भागात जे विचारले आहे ते मात्र एका वेगळ्याच प्रथिनाच्या बाबतीत संशोधक वीसहून अधिक वर्षे साधू पाहत आहेत.

गाठीतून रक्तात येणारे प्रत्येक प्रथिन गाठ वाढवतेच असे नाही. काही प्रथिने गाठ असल्याची निव्वळ खूण असतात. ती रक्तातून काढून टाकता आली, तरी गाठीचे फारसे काही बिघडणार नाही. काही प्रथिने मात्र गाठीला खरोखर खतपाणी घालतात. हा फरक प्रयोगाने सिद्ध करावा लागतो, रिपोर्टवरच्या आकड्यावरून तो कळत नाही. या लेखात पहिल्या प्रकारातले एएफपी आणि दुसऱ्या प्रकारातले एफजीएफ-१९ अशी दोन प्रथिने समोर ठेवली आहेत, पण जास्त जागा दुसऱ्याला दिली आहे, कारण त्याची हकिगत अधिक गुंतागुंतीची आहे आणि मराठीत ती फारशी कोणी सांगितलेली नाही.

आधी प्रथिन पेशीबाहेर कसे जाते ते पाहू. पेशीत तयार होणारी बहुतेक प्रथिने तिच्या आतल्याच कामाला लागतात. जे प्रथिन बाहेर पाठवायचे असते, त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीच्या आरंभी एक छोटा तुकडा जोडलेला असतो. तो तुकडा ओळखून पेशी ती साखळी एंडोप्लाझमिक रेटिक्युलम नावाच्या पडद्यांच्या जाळ्यात ओढून घेते, तुकडा तोडून टाकते, साखळीला योग्य घड्या पडू देते आणि पुढे गॉल्गी या भागातून, सूक्ष्म पिशव्यांत भरून, पेशीच्या कडेला नेऊन बाहेर सोडते. ही व्यवस्था उलगडून दाखवल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. यकृताच्या पेशी या कामात शरीरातल्या सर्वांत वाकबगार पेशींपैकी आहेत. एकटे अल्ब्युमिनच त्या रोज दहा ग्रॅमांहून अधिक तयार करून रक्तात सोडतात. अशा पेशी कर्करोगाच्या झाल्या, तरी त्यांची ही सवय सुटत नाही.

बाहेर सोडलेल्या प्रथिनाचा डॉक्टरांना दुहेरी उपयोग असतो. ते रक्तात उतरत असल्यामुळे सुईने रक्त घेऊन मोजता येते. शिवाय ते पेशीच्या आवरणाबाहेर असल्यामुळे शिरेतून दिलेल्या प्रतिपिंडाच्या, म्हणजे अँटिबॉडीच्या, हाती लागू शकते. पेशीच्या आतल्या प्रथिनापर्यंत अँटिबॉडी सहसा पोहोचत नाही. म्हणूनच 'पाझरणारी प्रथिने' हा विषय कर्करोगाच्या संशोधनात पुन्हा पुन्हा वर येतो.

यकृताचा कर्करोग म्हणताना इथे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा अभिप्रेत आहे, म्हणजे यकृताच्या मुख्य पेशींपासून सुरू होणारा. आतड्याचा वा स्तनाचा कर्करोग यकृतात पसरतो तेव्हाही लोक 'लिव्हरचा कॅन्सर' म्हणतात, पण तो आजार निराळा आणि त्याचे उपचारही निराळे. यकृतातच उगम पावणाऱ्या कर्करोगांपैकी ७५ ते ८५ टक्के हिपॅटोसेल्युलर प्रकारचे असतात. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार यकृताच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार मृत्यू झाले. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, यातच या आजाराचे गांभीर्य दिसते. कारणे परिचित आहेत : हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू, दारू, मधुमेह आणि स्थूलतेबरोबर येणारे चरबीयुक्त यकृत आणि अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष. तुर्भ्याच्या दाणाबाजारातून शेंगदाणे घेताना काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे बाजूला काढायची आपल्या आजीची सवय शास्त्राला धरून होती. हे विष भाजल्याने पूर्णपणे जात नाही. आणि नवजात बाळाला चोवीस तासांच्या आत दिली जाणारी हिपॅटायटिस बीची लस ही एका अर्थी कर्करोगावरचीच लस आहे, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी ठसलेली नाही असे मला वाटते.

आता एएफपी. गर्भाच्या यकृतात आणि पीतक कोशात (योक सॅकमध्ये) हे प्रथिन भरपूर तयार होते, बाळ जन्मल्यानंतर पहिल्या वर्षभरात त्याची पातळी झपाट्याने उतरते आणि निरोगी प्रौढ माणसात ती साधारणपणे दर मिलिलीटरला दहा नॅनोग्रॅमच्या खालीच राहते. १९६३ साली गॅरी अबेलेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉस्कोत यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात ते दाखवले, आणि पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव्ह यांनी ते माणसात दाखवले. गर्भावस्थेत चालू असलेले आणि नंतर बंद पडलेले जनुक कर्करोगाच्या पेशीत पुन्हा उघडते, एवढाच याचा अर्थ.

त्यामुळे हा आकडा वाचताना काही पथ्ये पाळावी लागतात. कावीळ भरात असेल, हिपॅटायटिस उसळला असेल, तर यकृत स्वतःची डागडुजी करत असताना एएफपी वाढते आणि आजार शमल्यावर खाली येते. गरोदरपणात ते वाढलेले असणे अपेक्षितच आहे. वृषणाच्या वा अंडाशयाच्या काही गाठींतही ते वाढते. उलट बाजूने, यकृताचा कर्करोग असलेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत, विशेषतः गाठ लहान असताना, एएफपी वाढलेले नसते. म्हणून सिऱ्हॉसिस झालेल्या, म्हणजे यकृत वणांनी कडक झालेल्या, माणसाला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला सांगितले जाते; एएफपी तिच्या जोडीला असते, तिच्या जागी नसते. आणखी एक किरकोळ वाटणारी पण रोज घोळ घालणारी बाब : काही लॅब हा आकडा नॅनोग्रॅममध्ये देतात, तर काही आंतरराष्ट्रीय एककांत. एकाच रुग्णाचे दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'वाढले' किंवा 'उतरले' असे ठरवण्याआधी आकड्यापुढचे एकक वाचावे.

एएफपी गाठीच्या वाढीला काहीच हातभार लावत नाही, असे ठामपणे म्हणणे मात्र अतिरेकाचे होईल. प्रयोगशाळेत त्याचा रोगप्रतिकार पेशींवर परिणाम झाल्याचे आढळले आहे. परंतु एएफपी थोपवले आणि त्यामुळे रुग्णाची गाठ आटोक्यात आली, असा उपचार आज अस्तित्वात नाही. तूर्त ती एक उपयुक्त खूणच आहे, आणि खुणेकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी.

एफजीएफ-१९ची गोष्ट यकृतात सुरू होतच नाही, ती आतड्यात सुरू होते. फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर या नावाचे बावीस प्रथिनांचे एक कुटुंब आहे. त्यांतली बहुतेक प्रथिने जिथे तयार होतात तिथल्याच आसपासच्या पेशींना वाढीचा संदेश देतात, कारण पेशींभोवतीच्या शर्करायुक्त जाळ्याला ती चिकटून बसतात. १९, २१ आणि २३ या तीन क्रमांकांच्या प्रथिनांची ती चिकटण्याची क्षमता फार क्षीण असते, म्हणून ती रक्तातून दूरवर जाऊन संप्रेरकासारखे काम करू शकतात. यांपैकी १९ क्रमांकाचे प्रथिन १९९९ साली प्रथम वर्णिले गेले.

निरोगी शरीरात त्याचे काम काय, हे नीट समजल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही, म्हणून इथे थोडे थांबू. आपण जेवतो तेव्हा पित्ताशय आकुंचन पावून पित्त लहान आतड्यात सोडते. पित्तातली आम्ले तूप-तेलाचे बारीक थेंब करून ते पचायला मदत करतात. ही आम्ले यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवते. काम झाल्यावर शरीर ती वाया जाऊ देत नाही. लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात, इलियममध्ये, सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले परत शोषली जातात आणि यकृताकडे धाडली जातात. एकच साठा दिवसातून अनेकदा फिरत राहतो. आता प्रश्न असा की पुरेशी पित्ताम्ले आहेत, नवी बनवायला नकोत, हे यकृताला कोण सांगणार? इलियमच्या पेशींत पित्ताम्ले शिरली की तिथला एफएक्सआर नावाचा संवेदक जागा होतो आणि त्या पेशी एफजीएफ-१९ तयार करून रक्तात सोडतात. पोर्टल शिरेतून ते थेट यकृतात पोहोचते. यकृताच्या पेशीवर एफजीएफआर-४ हा ग्राहक, म्हणजे निरोप पकडणारा रिसेप्टर, आणि त्याच्या जोडीला बीटा-क्लोथो हे साहाय्यक प्रथिन असते. दोघे मिळून एफजीएफ-१९ला पकडतात आणि पेशीच्या आत निरोप जातो. त्या निरोपामुळे पित्ताम्ले बनवण्यातला पहिला आणि गती ठरवणारा टप्पा सांभाळणारे सीवायपी-७ए१ हे विकर (एन्झाइम) कमी होते. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरली की वॉचमन खाली पंप बंद करायला सांगतो, तशातला हा प्रकार आहे : निरोप निघतो तो पाणी जिथे पोहोचले तिथून, आणि थांबवले जाते ते पाणी जिथून सुटते तिथे.

या निरोपाला दुसरीही बाजू आहे. जेवण झाले आहे, अन्नद्रव्ये येत आहेत, तेव्हा साठवणीला लागा, असेही एफजीएफ-१९ यकृताला सांगते. त्यामुळे ग्लायकोजेन आणि प्रथिने तयार करण्याचे काम वाढते, हे २०११ साली दाखवले गेले. आणि एफजीएफआर-४ हा मुळात वाढीच्या संदेशांच्या ग्राहकांच्याच घराण्यातला असल्यामुळे त्याच्यामागून पेशीविभाजनाकडे जाणारी साखळीही जागी होऊ शकते. निरोगी माणसात जेवणानंतर काही तासांनी रक्तातली एफजीएफ-१९ची पातळी चढते आणि पुन्हा उतरते, त्यामुळे तो इशारा तात्पुरता राहतो. निरोगी यकृताच्या पेशी स्वतः हे प्रथिन जवळजवळ बनवतच नाहीत.

तो इशारा कधी उतरलाच नाही तर काय होते, याचे उत्तर २००२ साली मिळाले. जेनेनटेक कंपनीच्या संशोधकांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्या हातापायांच्या स्नायूंत मानवी एफजीएफ-१९ सतत तयार होत राहील. दोन ते चार महिन्यांतच त्यांच्या यकृताच्या पेशी नेहमीपेक्षा जास्त विभागू लागल्या आणि दहा ते बारा महिन्यांच्या वयात अनेक उंदरांना यकृताचा कर्करोग झाला. या प्रयोगातला मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील असा की प्रथिन स्नायूंत बनत होते आणि गाठी झाल्या त्या यकृतात. म्हणजे ते रक्तातून तिथे गेले, आणि ज्या पेशींवर एफजीएफआर-४ आणि बीटा-क्लोथो यांची जोडी भरपूर आहे त्याच पेशी बळी पडल्या.

उंदरात झाले म्हणजे माणसात होईलच असे नाही. माणसाच्या गाठींत डोकावल्यावर जे दिसले ते असे. अकराव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर ११क्यू१३.३ नावाचा एक पट्टा आहे. यकृताच्या काही कर्करोगांत हा पट्टा एकदोन ऐवजी अनेक प्रतींत आढळतो. त्या पट्ट्यात सायक्लिन डी-१ हे पेशीविभाजनाशी संबंधित जनुक आहे आणि बरीच वर्षे सगळा दोष त्याच्याच माथी मारला जात होता. पण एफजीएफ-१९चे जनुक त्याला अगदी लागून आहे. २०११ साली अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या गटाने दाखवले की हा पट्टा वाढलेल्या गाठींत दोन्ही जनुके कामाला लागलेली असतात, आणि त्यांतले कोणतेही एक दाबले तरी गाठीच्या पेशींची वाढ मंदावते. शेजारी म्हणून फुकट सोबत आलेले समजले जाणारे जनुक प्रत्यक्षात बरोबरीचे भागीदार निघाले.

यातून जे चित्र उभे राहते ते असे : गाठीची पेशी एफजीएफ-१९ स्वतःच बनवते, स्वतःच बाहेर सोडते आणि स्वतःच्याच आवरणावरच्या एफजीएफआर-४ने ते पकडते. आतड्याची, जेवणाच्या वेळांची, पित्ताम्लांच्या मोजमापाची काही गरज उरत नाही. निरोप देणारा आणि घेणारा एकच झाला की तो थांबवायला कोणी राहत नाही. गाठींच्या तुकड्यांवर केलेल्या तपासणीत सुमारे तीस टक्के रुग्णांत हे प्रथिन सापडते. जनुकाच्या प्रती वाढलेल्या गाठींचे प्रमाण याहून कमी असल्यामुळे प्रती न वाढताही हे जनुक अनेक गाठींत चालू होत असले पाहिजे.

खतपाणी घालणारे प्रथिन ओळखण्याची खरी कसोटी म्हणजे ते काढून घेऊन पाहणे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एफजीएफ-१९ला पकडणारी अँटिबॉडी दिल्यावर वर सांगितलेल्या जातीच्या उंदरांत गाठी होणे रोखले गेले. एएफपीच्या बाबतीत असे काही दाखवता आलेले नाही. दोघांतला फरक नेमका इथे आहे. मग हीच अँटिबॉडी रुग्णांना द्यायला काय हरकत होती? माकडांवर तिची दीर्घकाळ चाचणी घेतली तेव्हा त्यांना जुलाब लागले, खाणे कमी झाले आणि यकृतालाही इजा झाली. कारण आता आपल्याला सहज कळेल. औषध गाठीचे एफजीएफ-१९ आणि आतड्याचे एफजीएफ-१९ यांत भेद करू शकत नाही. आतड्याचा निरोप यकृतापर्यंत पोहोचला नाही, यकृत पित्ताम्ले बनवतच राहिले, आणि जास्तीची पित्ताम्ले मोठ्या आतड्यात उतरली. शत्रूच्या हातात सापडलेले हत्यार घरातल्या रोजच्या वापरातलेही असते तेव्हा ही पंचाईत होते.

त्यानंतर संशोधकांनी प्रथिनाऐवजी त्याच्या ग्राहकाकडे मोर्चा वळवला. एफजीएफ कुटुंबाचे एकंदर चार मुख्य ग्राहक आहेत आणि चौघांच्या आतल्या भागाची ठेवण इतकी सारखी की एकाला अडवणारे रसायन बहुधा चौघांनाही अडवते. ते परवडत नाही, कारण पहिला ग्राहक अडला की एफजीएफ-२३चे काम बिघडून रक्तातले फॉस्फेट चढते. सुदैवाने एफजीएफआर-४मध्ये ५५२व्या स्थानावर सिस्टीन हे अमिनो आम्ल आहे. इतर तिघांत त्या जागी टायरोसीन आहे. सिस्टीनला कायमचे चिकटून बसेल असे रसायन बनवले तर ते एकट्या चौथ्या ग्राहकालाच जखडेल. या कल्पनेवर बेतलेल्या फिसोगॅटिनिब या औषधाच्या माणसांवरील पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या गाठीत एफजीएफ-१९ सापडले होते अशा रुग्णांपैकी १७ टक्के रुग्णांची गाठ ठरलेल्या निकषाइतकी आक्रसली. ज्यांच्या गाठीत ते नव्हते त्यांच्यात हे प्रमाण शून्य होते. जुलाब, मळमळ, उलट्या हे त्रास याही औषधाने झाले, पण ते बहुतांशी हाताळता येण्याजोगे होते.

१७ टक्के म्हणजे सहांतला एक. एवढ्यासाठी हा खटाटोप का, असे वाटणे स्वाभाविक आहे. माझ्या मते त्या चाचणीतला महत्त्वाचा आकडा शून्य हा होता. एफजीएफ-१९ नसलेल्या गाठींवर काहीच परिणाम झाला नाही, याचा अर्थ औषध नेमक्या त्याच वाटेवर बोट ठेवत होते. त्याच वर्षी याला आणखी बळकट पुरावा मिळाला. ज्या रुग्णांत औषध आधी लागू पडले आणि नंतर गाठ पुन्हा वाढू लागली, त्यांच्यापैकी काहींच्या गाठीत एफजीएफआर-४च्या ५५० आणि ५५२ या स्थानांवर नवे बदल झालेले सापडले. औषध जिथे बसते तीच जागा बदलून गाठीने सुटका करून घेतली होती. त्या ग्राहकावाचून तिचे काही अडत नसते, तर ती एवढ्या नेमक्या जागी बदललीच नसती. या गटातली औषधे अद्याप चाचण्यांच्या टप्प्यात आहेत, रोजच्या उपचारांत आलेली नाहीत. तेव्हा हे वाचून कोणी डॉक्टरांकडे त्या गोळीची मागणी करू नये.

याच प्रथिनाचा एक उलटा उपयोगही शोधला गेला आहे. पित्ताम्ले आवरण्याचा त्याचा गुण पित्त तुंबण्याच्या आणि चरबीयुक्त यकृताच्या आजारांत हवाहवासा आहे, पण कर्करोगाच्या भीतीने मूळ प्रथिन औषध म्हणून देता येत नाही. २०१४ साली दाखवण्यात आले की त्याच्या एका टोकाची काही अमिनो आम्ले वगळून आणि काही बदलून तयार केलेले प्रथिन उंदरांत पित्ताम्लांचे काम करते, गाठी मात्र करत नाही. एकाच प्रथिनाची ही दोन कामे एकमेकांपासून सुटी करता येतात, हे त्यामुळे कळले.

सध्या प्रत्यक्ष वापरात असलेल्या उपचारांत दुसऱ्याच एका पाझरणाऱ्या प्रथिनाला लक्ष्य केलेले आहे. त्याचे नाव व्हीईजीएफ. गाठ ते सोडून आपल्याकडे नव्या रक्तवाहिन्या वळवून घेते. बेव्हॅसिझुमॅब ही अँटिबॉडी त्याला रक्तातच पकडते. ती अटेझोलिझुमॅब या रोगप्रतिकारशक्तीला मोकळे सोडणाऱ्या औषधाबरोबर दिली असता एका वर्षानंतर ६७.२ टक्के रुग्ण हयात होते, तर सोराफेनिब या जुन्या औषधावर ५४.६ टक्के, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. आणि इथे एएफपी पुन्हा उपयोगी पडते. व्हीईजीएफच्या ग्राहकाला अडवणाऱ्या रामुसिरुमॅबची पहिली मोठी चाचणी सरसकट रुग्णांत फसली. मात्र एएफपी दर मिलिलीटरला ४०० नॅनोग्रॅम किंवा त्याहून अधिक असलेल्या गटात फायदा दिसत होता. केवळ तशाच रुग्णांवर पुन्हा चाचणी घेतली तेव्हा, २०१९ साली, तो फायदा खरा ठरला, जरी तो सरासरीने सव्वा महिन्याच्या आसपासचाच होता. खतपाणी एका प्रथिनाचे, आणि कोणाला औषध द्यायचे ते सांगणारी खूण दुसऱ्या प्रथिनाची. काउंटरवर विचारलेल्या त्या प्रश्नात दोन्ही गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात.

अमुक रुग्णाची गाठ एफजीएफ-१९वर पोसली जाते आहे का, हे मग कसे ओळखायचे? रक्तातली पातळी मोजून फारसे हाती लागत नाही, कारण ती जेवणानुसार चढउतार होते आणि पित्त तुंबले असले तर कर्करोग नसलेले यकृतही हे प्रथिन बनवू लागते. त्यासाठी गाठीचा तुकडाच लागतो. तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेच्या पट्टीवर घेतात, त्यावर एफजीएफ-१९ला चिकटणारी अँटिबॉडी सोडतात आणि ती जिथे बसली असेल तिथे तपकिरी रंग उमटेल अशी रासायनिक क्रिया करतात. सूक्ष्मदर्शकाखाली निळसर केंद्रकांच्या भोवती पेशीच्या अंगात तो तपकिरी रंग दाणेदार दिसला, तर प्रथिन त्याच पेशीत बनते आहे असे म्हणता येते. शेजारची साधी यकृतपेशी कोरी राहते, आणि त्या कोऱ्या पेशींमुळेच रंगावर विश्वास ठेवता येतो.

अडचण अशी की यकृताच्या कर्करोगात हा तुकडा बऱ्याचदा घेतलेलाच नसतो. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळते, तर गाठीला मुख्यतः रोहिणीतून. त्यामुळे सीटी किंवा एमआरआय करताना सोडलेले औषध गाठीत आधी चमकते आणि नंतर लवकर धुऊन निघते. सिऱ्हॉसिसच्या रुग्णात हे चित्र स्पष्ट असेल तर बायोप्सीशिवाय निदान पक्के धरले जाते. ते योग्यही आहे, कारण रक्तस्रावाचा आणि सुईच्या वाटेने पेशी पसरण्याचा धोका लहान असला तरी असतो, आणि पोटात पाणी झालेल्या, रक्त नीट न गोठणाऱ्या माणसाला तो नको असतो. पण त्यामुळे गाठीच्या स्वभावाविषयीचे प्रश्न अनुत्तरित राहतात. प्रथिने नेमकी हेरणारी औषधे जसजशी पुढे येतील, तसतसा बायोप्सी करावी की नाही हा वाद पुन्हा उकरावा लागणार आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंना दम आहे.

ज्यांची शस्त्रक्रिया किंवा बायोप्सी झालेली आहे, त्यांच्या बाबतीत मात्र तुकडा तयारच असतो. तो लॅबमध्ये ब्लॉकच्या रूपात जपून ठेवलेला असतो आणि पुढेही त्यावर नवे स्टेन, म्हणजे वर सांगितल्यासारख्या रंगचाचण्या, करता येतात. ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरला अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्याच केंद्रात किंवा परळला टाटा मेमोरियलमध्ये दुसरे मत घ्यायला जाताना लोक सीटीची फिल्म आणि एएफपीचे सगळे कागद फाइलला लावून नेतात, आणि ब्लॉक लॅबमध्येच राहतो. स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही अर्ज करून, सही देऊन आपल्या ताब्यात घ्यावेत, उन्हात वा गाडीच्या डिकीत ठेवू नयेत, मेण मऊ पडते. आणि ब्लॉकच्या कडेला लिहिलेला क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे काउंटर सोडण्याआधीच पाहून घ्यावे.